दुसरं बोट

दक्षिण ध्रुव
२७ फेब्रुवारी

प्रिय टोइवोमामा,

शेवटचं विमान गेलं एकदाचं. जाताना त्याने स्टेशनवरून एक फेरी मारली, पंख हलवले, आणि आम्ही त्रेचाळीस जण खाली उभे राहून वेड्यासारखे हात हलवत होतो. आमचा यंदाचा आचारी लूशन, लुइझियानाचा आहे, तो विमानाकडे बघून ओरडला, "अहो थांबा, माझं मीठ राहिलं!" सगळे हसले, मग एकेक करून आत गेले. आता ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत इथून कुणी जात नाही की कुणी येत नाही; पत्रं तेवढी सॅटेलाइटने जातील-येतील, तो दिवसातून काही तास आकाशात असतो त्या वेळात. तू पाच वेळा हे कसं काढलंस रे?

त्याच विमानाने मामीचं पुडकं आलं. राखाडी लोकरीचे हातमोजे! मामीला सांग, अगदी मापाचे झालेत. जानेवारीत तू मला काम सोपवायला इथे होतास तेव्हा तुझ्या हातात तसलेच बघून मी तोंड वाकडं केलं होतं ना, की भाचीला मात्र काही नाही, ते तू घरी जाऊन सांगितलेलं दिसतंय. चुगलखोर.

तुझी बत्तीस सूचनांची यादी दुर्बिणीच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. लूशन एकदा बघायला म्हणून आला आणि पहिलीच सूचना मोठ्याने वाचली, "रिंगवर दुसरं बोट फिरल्याशिवाय झाकण बसवायचं नाही. हे काय, जादूटोणा आहे का?" मी त्याला समजावलं की रिसीव्हर म्हणजे दुर्बिणीचा डोळा, एक मोठं पिंप. त्यातली सगळी हवा काढून घेतलेली असते. झाकणाखाली रबराची रिंग असते. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी हवा आत झिरपते आणि गारवा टिकत नाही. म्हणून बसवणारा उघडं बोट सगळ्या रिंगवरून फिरवतो, आणि मग दुसरा माणूस फिरवतो. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. तो म्हणाला, "आमच्यात माशाचा काटा असाच शोधतात."

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी बाजूचं छोटं झाकण उघडून दाबमापक बदलला, जुना खोटं दाखवत होता. बाकी सगळं ठीक. रिसीव्हरच्या आतला फ्रिज एकदा गार केला की एकोणचाळीस तास धरतो. तुझ्या वेळेलाही एवढाच धरायचा ना?

दुर्बिणीच्या प्रमुख ओडेलबाईंनी जाता जाता स्पष्ट सांगितलं, हा हिवाळा नीट गेला तर ही दुर्बीण कायमची माझ्याकडे, नाहीतर अर्ज करणारे आणखी चौघं आहेत. ऑक्टोबरात ठरवतील. मामा, मला हे काम हवंय. आयुष्यात कशासाठी एवढा जीव टाकला नव्हता.

तुझी
हेल्मी


टॉवर, मिनेसोटा
१२ मार्च

हेल्मी पोरी,

पत्र पोचलं. तुझ्या मामीने ते छापून घेऊन दोनदा वाचलं आणि हातमोज्यांचा भाग तिसऱ्यांदा, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तळं अजून घट्ट गोठलेलं आहे. काल बर्फाला भोक पाडून बसलो होतो, दोन मासे लागले, तिसरा माझ्यापेक्षा हुशार निघाला. मामीने वेलदोडा घालून पाव केला होता. तुझी आई येऊन अर्धा पाव घेऊन गेली आणि वर म्हणाली, "पोरीला तिकडे पाठवलंस तू, तिला काही झालं तर तुला तळ्यात बुडवीन." मी म्हटलं, "ताई, तळं गोठलंय, मे महिन्यापर्यंत थांब."

एकोणचाळीस तास म्हणजे उत्तम. पण दर पत्रात तास लिहीत जा. न विसरता.

सप्टेंबरात माझी वैद्यकीय तपासणी आहे. पास झालो तर पुढच्या हिवाळ्यात सहाव्यांदा, तुझ्या जोडीला. इथे लोक विचारतात, टोइवो, त्या अंधारात काय ठेवलंय? त्यांना काय सांगायचं! पाच हिवाळ्यांत मी त्या दुर्बिणीचा एक दिवस वाया घालवला नाही, एवढं एकच मी आयुष्यात धड केलं. ते आता तुझ्या हातात आहे. जप.

नोकरीची काळजी करू नको. ओडेलबाई तोंडाने फटकळ आहेत, मनाने नाहीत.

तुझा
मामा


दक्षिण ध्रुव
२० एप्रिल

प्रिय मामा,

तास लिही म्हणालास, तर लिहिते. चौतीस.

मार्च संपता संपता अडतीस होते. मग सदतीस. मला वाटलं माझंच काही चुकतंय, मी गार करताना घाई करतेय. तीन वेळा तुझ्या यादीप्रमाणे एकेक पायरी केली. परवा पस्तीस, काल चौतीस.

लूशनला जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, "बाहेर उणे पासष्ट आहे आणि तुला फ्रिज लागतो?" मी म्हटलं, "अरे बाबा, माझ्या रिसीव्हरला तुझं उणे पासष्ट म्हणजे भट्टी वाटते." "आणि एवढा गार करून बघतेस काय?" "सगळ्यात जुना उजेड. ताऱ्यांच्याही आधीचा." त्याने सूप वाढत विचारलं, "मग तो कुठे पळून चाललाय? एवढी वर्षं थांबला, आठवडाभर अजून थांबेल." सगळं टेबल हसलं. मीही हसले, आणि सूप अर्धं टाकून पुन्हा आकडे बघायला गेले.

सूर्य जाऊन महिना झाला. रोज किलोमीटरभर बांबूच्या निशाणांच्या कडेने दुर्बिणीपर्यंत चालत जाते, दुर्बिणीच्या मोठ्या ताटलीवरचा बर्फ झाडते, मग आत. हे मला आवडतं. पण दाराशी आले की हल्ली आधी मनातच आकडा धरते, आज किती तास दाखवणार म्हणून.

मामा, तुझं काय मत? हवा आत शिरतेय का? शिरत असेल तर कुठून?

हेल्मी


टॉवर
२२ एप्रिल

हेल्मी,

लगेच लिहितो आहे. तू फेब्रुवारीत जे छोटं झाकण उघडलंस तिथे बघ. नवा दाबमापक बसवताना स्क्रू जास्त आवळले गेले असतील. नव्या माणसाकडून होतं तसं. त्याच्या कडेने हेलियम सोडून बघ, गळत असेल तर यंत्र लगेच दाखवेल.

मोठ्या झाकणाचा विचार करू नको. ते मी स्वतः बसवलंय.

तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला, आता वितळेल. आम्ही बरे आहोत.

मामा


दक्षिण ध्रुव
१६ मे

प्रिय मामा,

एकोणतीस तास.

छोटं झाकण दोनदा तपासलं. हेलियम सोडला, यंत्राचा काटा ढिम्म हलला नाही. तरी तिसऱ्यांदा जाऊन एकेक स्क्रू नव्याने आवळला, हलक्या हाताने. काही फरक नाही.

काल सॅटेलाइट वर होता त्या वेळात ओडेलबाईंचा फोन आला. जसा झाला तसा लिहिते.

"हेल्मी, फेब्रुवारीत ते छोटं झाकण कुणी उघडलं?"

"मी."

"मग?"

"मग तिथे गळत नाहीये. तीनदा बघितलं."

"टोइवोने पाच हिवाळे काढले. एक दिवस फुकट गेला नाही त्याचा."

"माहीत आहे. माझा मामाच आहे तो."

"म्हणून तर म्हणते. त्याच्या भाचीकडून मला ही अपेक्षा नव्हती."

फोन ठेवल्यावर मी पंधरा मिनिटं साठ्याच्या खोलीत, टोमॅटोच्या डब्यांपाशी जाऊन बसले. रडले. मग चेहरा धुऊन पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, मला सगळं गरम करून मोठं झाकण उघडू द्या. असंच चालू ठेवलं तर ऑगस्टपर्यंत फ्रिज धरायचाच बंद होईल. गरम करायला, उघडायला, परत गार करायला मिळून महिना जाईल, तो अंधारातला सगळ्यात चांगला महिना. बाईंनी तारखा दोनदा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "उघड. पण आत काही सापडलं नाही, तर तो महिना तुझ्या नावावर."

आता एक गोष्ट तुला सांगते, ती बाईंना सांगायचा धीर झाला नाही. जानेवारीत तू मोठं झाकण बसवलंस तो दिवस आठव. विमान अर्ध्या तासावर होतं, तुझी बॅग दारात पडली होती. तू रिंगवरून बोट फिरवलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "तू फिरवलंस ना मामा, झालं तर मग." आणि वहीत तुझ्या सहीखाली माझी सही ठोकून दिली. माझं बोट रिंगला लागलंच नाही. तुझ्याकडून काही राहील असं माझ्या डोक्यातही आलं नाही. अजूनही येत नाही. तरी सांगून टाकलं, म्हणजे मन मोकळं झालं.

उद्यापासून गरम करायला घेते. पुढचा महिना-दीड महिना पत्र नाही आलं तर घाबरू नको.

हेल्मी


टॉवर
४ जून

प्रिय हेल्मी,

मी आइनोमामी. हे पत्र मी तुझ्या मामाला न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख करू नकोस.

तुझं मेचं पत्र आल्यापासून ह्या माणसाचं काहीतरी बिनसलंय. जेवतो, पण काय जेवला विचारलं तर सांगता येत नाही. तळ्यावर होडी नेतो आणि गळ न टाकताच परत येतो. उत्तर लिहायला बसला, तीन कागद फाडले. मी विचारलं तर म्हणतो, "तुला त्यातलं कळायचं नाही." चाळीस वर्षं संसार केला, आणि मला कळायचं नाही म्हणे!

त्यात परवा काय झालं बघ. वाफ घ्यायला सौना तापवला होता. ह्याने तिथल्या शेगडीवरचं लोखंडी झाकण उजव्या हाताने सरळ उचललं आणि माझ्याशी गप्पा मारत उभा. मलाच वास आला. ओरडले तेव्हा कुठे ह्याने हाताकडे बघितलं. बोटांना टरारून फोड. म्हणे, "गप्पांच्या नादात लक्ष नव्हतं." अगं, असं लक्ष नसतं का कधी? डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर आला, "सप्टेंबरची तपासणी होईस्तोवर डॉक्टरचं नाव काढायचं नाही." गेल्या वर्षीही एकदा असंच झालं होतं, सुईवर हात पडला तरी पत्ता नाही. वय झालंय, दुसरं काय.

तो तुझं ऐकतो. पत्रात सहज म्हणून लिही, की हाताची काळजी घे.

तुझ्या आईच्या गाईला कालवड झाली. तू सांभाळून राहा. हातमोजे ओले झाले तर हीटरजवळ वाळवू नको, आटतील.

मामी


दक्षिण ध्रुव
३० जून

प्रिय मामा,

उघडलं, साफ केलं, नवी रिंग टाकली, बंद केलं. गार करून आज पाचवा दिवस. फ्रिज एकोणचाळीस तास धरतोय.

मोठ्या झाकणाखालीच होता. एक धागा. नखाच्या अर्ध्या लांबीचा, रिंगवर आडवा पडलेला. लोकरीचा, राखाडी. इतक्याशा धाग्याने हिवाळ्याचा महिना खाल्ला.

ओडेलबाईंनी विचारलं, धागा कुणाचा? मी सांगितलं, माझा. मामीने विणलेले राखाडी हातमोजे मी घालते, त्यातलाच असणार. दुसरं बोट माझं होतं, ते मी फिरवलं नव्हतं आणि सही केली होती, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण सही ही सही असते." मी हो म्हटलं. नोकरीचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. ते काम आता गेलंच समजते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण दुर्बीण चालू आहे, आणि अजून चार महिने ती माझ्याकडे आहे.

ह्या प्रकरणात तू पडू नकोस. तुझी सप्टेंबरची तपासणी आहे, सहावा हिवाळा आहे. तो तुला मिळायलाच हवा.

आणि हाताची काळजी घे, मामा. होडी ओढताना वगैरे.

हेल्मी


दक्षिण ध्रुव
२२ जुलै

मामा,

तीन आठवडे झाले. पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? दोन ओळी लिही. चाळीस तास धरला काल, विक्रम.

हेल्मी


टॉवर
६ ऑगस्ट

हेल्मी पोरी,

तुझं पत्र पाच आठवडे खिशात घेऊन फिरलो. आता बसलोय, आणि उठायचं नाही असं ठरवलंय. मामी दारात उभी आहे. कॉफी देते आहे, पण दारातून हलत नाही.

तू खोटं बोललीस. तुझे हातमोजे फेब्रुवारीच्या शेवटच्या विमानाने आले. तुझ्याच पहिल्या पत्रात आहे. झाकण बसवलं जानेवारीत. त्या दिवशी त्या खोलीत राखाडी हातमोजे एकाच माणसाच्या हातात होते. मी ते काढून रिंगशेजारी ठेवले, कारण बोट उघडं लागतं, आणि मग बोट फिरवलं. तू सगळं ओळखलंस आणि माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. मी वयाने तुझ्या दुप्पट, आणि तुला तसं करू दिलं.

आता नीट ऐक. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, उणे सत्तर असताना ताटलीच्या मोटरची केबल निघाली. हातमोजे घालून ती लागेना. मी ते काढले. चार मिनिटं. केबल लागली, दुर्बीण थांबली नाही, आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दिसायला जागेवर आहेत. पण त्यांना काही कळत नाही. गरम, गार, टोक, धार, काही नाही. डावा हात त्यातल्या त्यात बरा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तपासणीत डॉक्टर म्हणतो, डोळे मिटा, आणि सुई टोचून विचारतो, कळलं का? मी पापण्यांच्या फटीतून बघतो आणि बरोबर वेळेला "आई गं" म्हणतो. दोन वर्षं असा पास झालो. साठीला आलेला माणूस, डॉक्टरसमोर शाळेतल्या पोरासारखी कॉपी करतो.

जानेवारीत डावं बोट फिरवता आलं असतं. पण तू बघत होतीस. मी नेहमी उजवं फिरवतो हे तुला माहीत, तू विचारलं असतंस. म्हणून मी बधिर बोट रिंगवरून फिरवलं, अगदी सावकाश, चेहरा गंभीर करून. मग तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, झालं तर मग. आणि मला हायसं वाटलं, पोरी. ते मला खातं. तुझं बोट फिरू नये असं मला त्या क्षणी वाटलं, कारण तुला काही सापडलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं.

मग एप्रिलात तुला छोट्या झाकणाकडे पाठवलं. मनातून मला तेव्हाच ठाऊक होतं.

काल ओडेलबाईंना पत्र टाकलं. सगळं लिहिलं, केबल, बोटं, डॉक्टर, हातमोजे. तपासणीला जाणार नाही असंही कळवलं. आता ध्रुव संपला. लिहून झाल्यावर सौनाच्या मागे जाऊन रडलो. मामीने बघितलं. रात्री जेवायला माशाचं दुधातलं सूप केलं होतं, मला आवडतं तसं, बटाटे घालून.

तू रागावली असशील तर रागाव. पण लिही.

टोइवोमामा


दक्षिण ध्रुव
२४ सप्टेंबर

प्रिय मामा,

एवढा उशीर केला म्हणून तू आणखी काही कल्पना करून घेतल्या असशील. सॅटेलाइटचा अँटेना सात आठवडे मोडून पडला होता, फक्त कामापुरतं बोलणं चालायचं. तुझं पत्र मात्र त्याच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. ते मी इतक्यांदा वाचलं की लूशन म्हणाला, "प्रेमपत्र आहे वाटतं." मी म्हटलं, "हो, मामाचं."

परवा सूर्य वर आला. एक दिवस क्षितिजावर नुसता घुटमळला, काल नीट दिसला. सगळे बाहेर जाऊन डोळे चोळत उभे राहिले. सहा महिन्यांत एकमेकांचे चेहरे किती पांढरे पडलेत ते कळलं आणि हसून हसून पुरेवाट झाली.

ओडेलबाई बोलल्या. पहिल्यांदा मला झाडलं. म्हणाल्या, "तुझ्या मामाने खरं लपवलं आणि तू खोटं सांगितलंस. एकाच घरातले शोभता." मग म्हणाल्या, आणखी एक हिवाळा देते, कायमचं त्यानंतर बघू. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, "माझे नको मानूस. टोइवोच्या पत्रात शेवटचं पान फक्त तुझ्याबद्दल होतं." ते पान तू मला दाखवलं नाहीस.

तर नोकरी राहिली. पण खरं सांगू? जुलैभर तुझं पत्र नव्हतं, तेव्हा मी रोज निशाणांच्या कडेने चालत जायचे आणि माझ्या डोक्यात नोकरी नसायची. मला वाटायचं, मामा लिहिणारच नाही. मग मी घरी परत येईन, आपण तळ्यावर जाऊ, मासे धरू, हवापाण्याच्या गप्पा मारू, आणि ही गोष्ट मधे बसलेली असेल, मरेपर्यंत. त्याची मला भीती वाटत होती. मामीच्या पत्रानंतर मला बोटांचं कळलं होतं. (हो, मामीने लिहिलं होतं. तिला रागावू नकोस, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही.) धागा सापडला तेव्हा उरलेलं कळलं. तुझ्याकडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं. आता काही राहिलं नाही.

नाही, माझ्याकडून एक राहिलंय. ते मी बाईंना सांगितलं, तुला मात्र लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटत होती.

जूनमध्ये झाकण परत बसवायच्या दिवशी मी रिंगवरून उघडं बोट फिरवलं. एकदा नाही, तीनदा. धागा सापडलेला होता, मामा, मी किती जपून फिरवलं असेल ते तूच समज. रिंग स्वच्छ होती. दुसऱ्या बोटाला माणूस हवा म्हणून स्वयंपाकघरातून लूशनला बोलावलं. तो हात धुऊन, बाह्या सारून आला, म्हणाला, "बघू तुमचा जादूटोणा." अर्धी रिंग झाली आणि तो थांबला.

"इथे आहे काहीतरी."

"काही नाही रे. मी तीनदा फिरवलंय."

"तू तीनशेदा फिरव. इथे आहे."

बॅटरी लावून, भिंग घेऊन बघितलं. धातूचा कण होता, रव्याच्या दाण्याहून बारीक. माझं बोट त्याच्यावरून तीनदा गेलं होतं. तिशीतलं, धडधाकट, सगळं कळणारं बोट. मी तो कण काढला, लूशनने पुन्हा पहिल्यापासून फिरवलं, मग झाकण बसवलं. आज फ्रिज चाळीस तास धरतोय तो त्याच्या बोटामुळे, माझ्या नाही.

तेव्हा तू रोज सौनाच्या मागे जाऊन माझी बोटं, माझी बोटं करत बसला असशील तर ते आता बंद कर. लपवलंस ते वाईट केलंस, ते मी माफ केलं. पण धागा तुझ्या बधिर बोटांमुळे राहिला असं म्हणू नकोस. चांगल्या बोटांनाही चुकतं. जानेवारीत तो राहिला, कारण माझं बोट फिरलं नाही, आणि ते फिरलं नाही, कारण माझ्या लेखी टोइवो निएमेलाचं बोट चुकूच शकत नव्हतं. असं मी पुन्हा कुणाबद्दल समजणार नाही, तुझ्याबद्दलसुद्धा नाही. आणि तुझ्याबद्दल तसं न समजता मला तू जास्त आवडतोस.

बाई विचारतायत, डिसेंबरात तिघं नवे येणार आहेत, त्यांना रवाना करण्याआधी झाकण बसवायला टोइवो शिकवेल का, तिकडे अमेरिकेत, बाईंच्या प्रयोगशाळेत? मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलंय.

तुझी
हेल्मी